पाटीवरचे नाव काय सांगते?

कुणी बाजारासाठी, कुणी दवाखान्यासाठी, तर कुणी कोर्टकचेरीसाठी छत्रपती संभाजीनगरला येते. स्टेशनवर उतरून पुंडलिकनगरकडे निघाले की वाटेत किती तरी पाट्या लागतात. आपण त्या वाचतो अन् पुढे जातो. आज जरा त्यांच्यापाशी थांबू या.

पहिली पाटी खुद्द शहराच्या नावाची. इथले मूळ गाव खडकी. नावातच खडक आहे पाहा. १६१० साली मलिक अंबराने तेथे शहर वसविले. त्याच्यामागून त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. म्हणजे मोठ्या गावाचे नाव राज्यकर्ते ठरवितात.

वस्त्यांची नावे मात्र मोठी चिवट! स्टेशनपासून जवळच पदमपुरा अन् करणपुरा आहेत. मोगलांच्या फौजेबरोबर सतराव्या शतकात बिकानेरच्या राजघराण्यातील करणसिंह व त्याचा पुत्र पदमसिंह इकडे आले, त्यांची ही नावे. फौजा गेल्या, छावण्या मोडल्या. पण रिक्षावाल्याला आजही ‘पदमपुरा’ म्हटले की पुरते. वेशींचे तर विचारूच नका. दिल्ली गेट, पैठण गेट ही नावे वाटसरूला वाटच दाखवितात. वेशीतून निघणारा रस्ता जिकडे जाई, त्या गावाचे नाव वेशीला!

आता पुढे चला. गारखेडा म्हणजे खेडे, मुकुंदवाडी म्हणजे वाडी. शहर वाढत वाढत या गावांच्या अंगावर आले. शिवारात घरे उठली, तरी खेडे अन् वाडी नावात टिकून राहिली. त्याच भागातले आपले पुंडलिकनगर. ‘नगर’ म्हणजे खरे तर मोठे शहर. पण आज चार गल्ल्यांची वसाहतही स्वतःला नगर म्हणविते. शेजारच्या सिडकोत तर नावाऐवजी एन-चार, एन-सहा असे नुसते आकडे आले. सोय झाली खरी, पण आकडा गोष्ट सांगत नाही.

गुरुजी, आता काम तुमचे आहे. गावाचे नाव सरकारदप्तरी राहतेच. पण मळ्याचे, ओढ्याचे, पाणंदीचे नाव फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. ते माणूस गेले की नावही गेले. उद्या तुमच्याही शिवारात प्लॉट पडतील, दगड रोवले जातील, अन् त्यांवर आकडे येतील. तेव्हा मुलांना सांगा, आजा-आजीपाशी बसा, शेताशेताचे नाव विचारा, ते का पडले तेही विचारा, अन् वहीत उतरवून घ्या. एका सुट्टीचे काम आहे. ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. पुढे कुणी विचारील, ‘इथे पूर्वी काय होते हो?’ तेव्हा उत्तर द्यायला ती वही असेल.