माणसं राहिली, मठ राहिला

आमच्या उमरीकडची जुनी माणसं सांगत, माळवदाच्या घराला कुलूप लावून ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायची, पन्हळ मोकळी करायची, गळकी जागा शोधायची. दोन-चार पावसाळे हे राहिलं, की लाकूड कुजतं आणि घर बसतं. घर उभं राहतं ते आतल्या माणसाच्या वावरानं. या म्हणण्याचा पुरावा मला उमरीपासून फार दूर, जुन्या गोव्यातल्या एका टेकडीवर मिळाला.

'मोन्ते सांतो', म्हणजे पवित्र टेकडी, असं तिचं नाव. बॉम जेझुसच्या गर्दीतून बाहेर पडून थोडं चढलं की रस्त्याच्या एका बाजूला ऑगस्टिनियन साधूंच्या चर्चचे अवशेष दिसतात. मूळ मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. १८३५ साली साधूंना गोवा सोडावा लागला. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मात्र त्याच पंथाच्या स्त्रियांचा सांता मोनिका मठ तीन मजल्यांनिशी उभा आहे. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी १६०६ साली तो स्थापन केला. आशियातल्या पोर्तुगीज मुलखातला स्त्रियांचा हा पहिला मठ. बांधकाम १६२७ मध्ये पुरं झालं, १६३६ मध्ये आग लागली आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधायला सुरुवात झाली.

इमारत जांभ्या दगडाची, वरून चुन्याचा गिलावा, भिंतींना बाहेरून भक्कम टेकू. मध्ये चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण यावी अशी रचना. पण मठाचं वेगळेपण कळतं ते चर्चमध्ये. एरवी चर्चचं मोठं दार वेदीच्या समोर असतं. इथे ते बाजूच्या लांब भिंतीत आहे. कारण वेदीसमोरचं टोक नन्ससाठी राखलेलं. तिथे त्यांचे एकावर एक असे दोन प्रार्थना-कक्ष, मध्ये जाळी. गावानं त्यांचं गाणं ऐकावं, चेहरा पाहू नये, अशी ही योजना. एकदा आत आलेली बाई पुन्हा बाहेर जायची नाही, हा नियम दगडात बांधलेला दिसतो.

मी बँकेत हयात घालवलेली बाई. माझं लक्ष हिशेबाकडे जातंच. मठात येणाऱ्या मुलीबरोबर हुंडा यायचा. कधीही न काढता येणारी ठेवच ती! शहराचा पैसा मठात अडकतो, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेनं राजाकडे केली. नन्सची संख्या शंभरावर मर्यादित झाली. आतही सगळ्या सारख्या नव्हत्या. काळी ओढणी वरच्या दर्जाची, पांढरी खालच्या. एतद्देशीय मुलींच्या वाट्याला बहुधा पांढरी. हुंडा आणि जात भिंतीबाहेर ठेवता आली नाही, हे आपल्याला नवं नाही.

१८३४ साली पोर्तुगालनं धर्मपंथ बंद केले. पुरुषांना जावं लागलं. स्त्रियांना राहू दिलं, पण नव्या मुलींना प्रवेश बंद. मग अर्धं शतक एकेक खोली रिकामी होत गेली. प्रार्थनेला येणारे आवाज कमी होत गेले. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. त्या अखेरच्या वर्षांत त्या मोठ्या ओवऱ्यांतून एकटी चालताना तिला काय वाटत असेल?

पण समोरचं चर्च सात वर्षांत कोसळलं आणि हे टिकलं, यात त्या म्हाताऱ्या बायकांचा वाटा आहे असं मला वाटतं. जांभ्याला गोव्याचा पाऊस सोसत नाही; गिलावा सुटला की भिंत पाणी पिते. कोणीतरी राहत असलं तर गळती दिसते, दार लावलं जातं. पुढे तिथे सैन्य राहिलं, १९६४ पासून धर्मभगिनींसाठी मातेर देई ही संस्था आली. आवारातल्या जुन्या चॅपेलमध्ये २००२ साली राशोलहून ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आलं; दुरुस्तीनंतर ते २०२२ मध्ये पुन्हा खुलं झालं. म्हणजे घर रिकामं असं फार दिवस राहिलंच नाही.

आपण गोव्याला जातो, बॉम जेझुस पाहतो आणि परततो. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन एवढी टेकडी चढा. आधी पडका मनोरा दाखवा, मग मठ. आणि बाजूच्या भिंतीत दार का आहे, हे त्यांनाच ओळखू द्या.