खिशातला फोन मोटर चालू करतो तेव्हा

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, यावर काय एवढं बोलायचं? खिशातून चुकून फोन लागतो, पलीकडचा दोन मिनिटं 'हॅलो, हॅलो' करतो आणि ठेवून देतो. पण रहिमतपूर आणि आसपासच्या गावांत बऱ्याच फोनमध्ये एक नंबर असा असतो, की तो माणसाचा नसतोच. तो विहिरीवरच्या मोटरचा असतो.

मोबाइल स्टार्टर आपल्याकडं आता नवा राहिलेला नाही. पेटीत सिमकार्ड असतं, घरून फोन लावला की मोटर चालू. काही पेट्या नंतर एखादा आकडा दाबायला लावतात, काही नुसत्या रिंगवरच चालू होतात. रात्रपाळीची लाईट असली की अंधारात बांधावरून जायला नको, ही सोय मोठीच. पण दिवसातून चार वेळा लावलेला हा नंबर कॉलच्या यादीत वरच बसलेला असतो, आणि खिशात बोट नसतानाही दाबला जातो तो बऱ्याचदा वरचाच नंबर. विहिरीत पाणी नसताना मोटर कोरडी फिरली तर सील जातं, पुढं वायंडिंग जळतं. पाणी असलं तरी आल्याच्या सऱ्यांत ते रात्रभर साचलं तर कूज लागायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही हा विषय चेष्टेचा मानत नाही.

आता हे होतं कसं? फोनच्या काचेखाली न दिसणारी, वीज वाहून नेणारी बारीक जाळी असते. तिच्यावर अगदी थोडा विद्युतभार असतो. आपलं शरीर वीजवाहक आहे. बोट जवळ आलं की त्या जागेचा भार थोडा बदलतो आणि फोन समजतो, इथं स्पर्श झाला. दाब लागत नाही, हे लक्षात घ्या. पेनाचं प्लास्टिकचं टोक कितीही जोरात टेकवलं तरी काही होत नाही ते याचमुळं.

कोरडा जाड सदरा असेल तर अंग आणि काच यांच्यात अंतर राहतं. पण उन्हाळ्यात ऊस तोडताना किंवा आडसाली लागणीच्या पावसात कापड घामानं-पाण्यानं भिजतं आणि अंगाला चिकटतं. ओलं कापड म्हणजे तुमच्या कातडीचंच लांबवलेलं बोट समजा. बायका फोन ब्लाऊजमध्ये किंवा कमरेला खोचतात, तिथं तर मध्ये कापडही नसतं. दोष मात्र बिचाऱ्या किल्ल्यांना आणि सुट्ट्या पैशांना दिला जातो. नाणं एकटं असेल तर सहसा काही करत नाही. ते ओल्या कापडातून अंगाशी जोडलं गेलं की मग करू शकतं.

पण नुसत्या स्पर्शानं काही होत नाही. पडदा जागा असावा लागतो. आमच्या मते खरी गोम इथं आहे. आपण बोलणं संपवतो, कॉलची यादी उघडीच असते, आणि फोन तसाच खिशात टाकतो. आपोआप बंद व्हायची वेळ दोन मिनिटांवर ठेवलेली असेल तर दोन मिनिटं ती यादी तुमच्या छातीला घासत असते. उपाय साधा आहे. खिशात टाकण्याआधी बाजूचं बटण दाबायचं. पडदा विझण्याची वेळ 15 किंवा 30 सेकंद करायची. आणि लॉक ठेवायचा. 'आमच्या फोनमध्ये लपवण्यासारखं काय आहे' असं वडीलधारी मंडळी म्हणतात. लपवायचं काही नसेल हो, पण मोटर तर आहे!

दुसरं, फोन आपणहून जागा होतो ते बंद करा. उचलला की उजळणं, दोनदा टिचकी मारली की उजळणं, या दोन सोयी सेटिंगमध्ये असतात. सायकलवर किंवा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचा खिसा दिवसभर फोन 'उचलतच' असतो. त्याच ठिकाणी पॉकेट मोड किंवा ॲक्सिडेंटल टच प्रोटेक्शन असं काही दिसलं तर ते चालू करा. कंपनीगणिक नाव बदलतं. ते चालतं सेन्सरवर: कानाशी फोन नेला की पडदा काळा होतो ना, तोच सेन्सर. समोर काही आडवं आहे, म्हणजे आपण खिशात आहोत, असं फोन ठरवतो. त्या जागेवर धूळ, तेल किंवा वाकडी बसवलेली टेम्पर्ड ग्लास असेल तर त्याचा अंदाज चुकतो. जाड काच बसवल्यावर दुकानदार कधी कधी टच सेन्सिटिव्हिटी वाढवून देतो. काचेतून बोट कळावं म्हणून वाढवलेली ही संवेदना कापडातूनही मांडी ओळखते. गरज नसेल तर ती बंद ठेवा.

जुन्या नोकियाला हा त्रास कमी होता. मेनू दाबून स्टार दाबला की कीपॅड बंद. एक वाट मात्र तेव्हाही उघडी असायची: कीपॅड लॉक असला तरी 112 लागायचा. ते मुद्दामच होतं, आणि आजही कुलूपबंद पडद्यावर इमर्जन्सीचं बटण असतं ते त्यासाठीच. आपल्याकडं 2016 साली केंद्र सरकारनं नियम केला आणि 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं झालं. साध्या फोनला 5 किंवा 9 दाबून धरायचा, स्मार्टफोनला पॉवर बटण भराभर तीनदा दाबायचं. घट्ट पँटच्या खिशात वाकून बसलं की हे बटण दाबलं जाऊ शकतं. 2023 मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी जाहीर तक्रार केली, की अँड्रॉइडच्या पाच वेळा बटण दाबण्याच्या सोयीमुळं त्यांच्या 999 नंबरवर खोट्या कॉलचा पूर आला आहे. कुणी खोडसाळपणा केलेला नव्हता, खिशांनीच केलेलं.

यावर काही जण सांगतात, ती सोयच बंद करून टाका. आम्हाला हे पटत नाही. रानात एकट्यानं काम करणारा माणूस पडला, ट्रॅक्टर उलटला, तर नंबर शोधायला त्याच्याकडं डोळे आणि हात दोन्ही शाबूत असतीलच असं नाही. सोय ठेवा. फक्त ती लागण्याआधी काही सेकंदांची उलटी मोजणी आणि मोठा आवाज होईल असं बघा. बऱ्याच फोनमध्ये तसा पर्याय असतो. आवाज झाला की तुम्हाला थांबवता येतं.

मागून प्रश्न आला आहे, की खिशातून पैसे जाऊ शकतात का. यूपीआयला पिन लागतो, त्यामुळं घासून घासून पैसे जाणं जवळपास अशक्य. यूपीआय लाइटमध्ये मात्र लहान रकमेला पिन लागत नाही, तेव्हा तिथं ॲपचा स्वतःचा लॉक चालू ठेवा.

दुसरा प्रश्न, फोन सदऱ्यात कुठल्या तोंडानं ठेवायचा. वरच्या खिशात पडदा बाहेर. अंगाकडं पाठ. पाऊस असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत, पण पिशवी आतून कोरडी हवी. आणि मोटरचा नंबर? पेटीत पासवर्ड किंवा आकडा दाबायची सोय असेल तर ती लावून घ्या, मिस्ड कॉलवर ठेवू नका.

शेवटचा प्रश्न कुणीतरी चिठ्ठीवर दिला आहे: 112 चुकून लागलाच तर? घाबरून कट करू नका. कट केला तर तुम्ही अडचणीत आहात असं समजून तिकडून परत फोन येऊ शकतो, आणि त्यात त्यांचा वेळ जातो. लाईनवर थांबा आणि सांगा, 'चुकून लागला, आम्ही सुखरूप आहोत.'