बुळकांडीने घडवलेले रान

सेरेंगेटीविषयी मराठी वाचकाला प्राथमिक माहिती सांगण्याची आता गरज राहिलेली नाही. मारा नदीत उड्या घेणारे वाइल्डबीस्टचे कळप, काठावरच्या मगरी, बाभळीखालचे सिंह, लाल शुका पांघरलेले मसाई हे सारे वाहिन्यांनी आणि सहल कंपन्यांच्या पत्रकांनी घरोघरी पोहोचवले आहे. या सगळ्या सामग्रीत एक गृहीतक मात्र न बोलता येते: हे रान अनादी आहे, माणसाचा हात न लागलेले आहे, आणि म्हणून माणसाने त्यातून बाहेर राहणेच योग्य. टांझानियातील १४,७६३ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानाचे आणि शेजारच्या न्गोरोंगोरोचे गेल्या शंभर वर्षांतले बहुतेक निर्णय याच गृहीतकावर उभे आहेत. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगतो. आज दिसणारी सेरेंगेटी, म्हणजे तिचे निर्जनपण आणि तिच्यातली लाखोंची जनावरे, दोन्ही गुरांच्या एका रोगाने आणि पुढे त्या रोगावरच्या लसीने घडवलेली आहेत. त्या रोगाला आपल्याकडे बुळकांडी म्हणत. हे एकदा मान्य केले की मसाई गुराख्याला या रानात उपरा ठरवणे अवघड होऊन बसते.

पुराव्याची सुरुवात एका फारशा कोणाला आठवत नसलेल्या माणसापासून करावी लागते. ऑस्कर बाउमान हा व्हिएन्नाचा भूगोलज्ञ. जन्म १८६४ चा, मृत्यू १८९९ चा. पस्तिशीत संपलेले आयुष्य. १८८८ मध्ये किलिमांजारोच्या चढाईसाठी निघालेल्या हान्स मायरसोबत तो किनारपट्टीवरच्या अबुशिरीच्या उठावात सापडला, साखळदंडात पडला आणि खंडणी भरून सुटला. एवढ्यावरही त्याची हौस फिटली नाही. जर्मनीतल्या गुलामगिरीविरोधी समितीच्या पैशावर तो पुन्हा आला आणि १८ मार्च १८९२ रोजी न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी-कुंडाच्या काठावर पोहोचला. ते कुंड पाहणारा पहिला युरोपीय म्हणून संदर्भग्रंथांत त्याचे नाव येते आणि बहुधा तिथेच थांबते. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा प्रवासवृत्तांत मात्र भूगोलापेक्षा दुष्काळाचा दस्तऐवज म्हणून वाचायला हवा. कुंडात त्याला भेटले ते भाल्याच्या जोरावर सगळ्या पूर्व आफ्रिकेला धाकात ठेवणारे मसाई नव्हते. काफिल्याच्या कुंपणाशी हाडांचे सापळे झालेल्या बायका आणि मुले येऊन थांबत. एके काळचे योद्धे चार पायांवर सरपटत येत. मेलेल्या गुरांची कातडी, हाडे, शिंगेसुद्धा लोक खात होते. मांसाच्या तुकड्यासाठी आईबाप पोटची पोरे विकायला काढत, आणि नकार मिळाला की तिथेच सोडून जात. दोन-तृतीयांश मसाई मेले असावेत, असा बाउमानचा अंदाज होता. बाउमान हा काही दयाळू संत नव्हता. वाटेत त्याच्या काफिल्याच्या बंदुका स्थानिकांवर चालल्या आहेत, आणि सगळ्या प्रवासात त्याचे अर्धे डोके नाईलचा उगम आपल्याच नावावर लागावा या खटपटीत गुंतलेले दिसते. पण म्हणूनच या पानांना वजन आहे. मसाईंची बाजू मांडण्यात त्याचा काहीच स्वार्थ नव्हता.

दोन-तृतीयांश हा आकडा शिरगणतीचा नव्हे, एका वाटसरूचा अंदाज आहे, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. पण बाउमान एकटा साक्षीदार नाही. १८९०-९१ मध्ये युगांडाकडे गेलेल्या लुगार्ड या ब्रिटिश अधिकाऱ्यानेही वाटेत मेलेली गुरे आणि मेलेल्या रानम्हशी नोंदवल्या आहेत, आणि मसाईंच्या स्मरणात हा काळ ‘एमुताई’, म्हणजे सर्वनाशाचा काळ, म्हणूनच राहिला आहे. आकडा थोडा खाली आणला तरी चित्र बदलत नाही.

रोग आला तो १८८७ च्या सुमारास, तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरातून. तिथे उतरलेल्या इटालियन फौजेला मांस आणि ओढकामाची जनावरे हवी होती. ती जहाजाने आणली गेली. कुठून, याविषयी मतभेद असले तरी अनेक इतिहासकारांचे बोट हिंदुस्थानाकडे जाते, आणि तसे असण्यात नवल नाही. बुळकांडी आपल्याकडे इतकी मुरलेली होती की १८७१ मध्येच सरकारी आयोगाने तिच्यावर जाडजूड अहवाल दिला होता, आणि १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांसाठी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली ती पुण्यात. (१८९३ मध्ये ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली, आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ ते.) आपल्या गुरांत पिढ्यान्‌पिढ्या या रोगाशी झगडून थोडी तरी प्रतिकारशक्ती आली होती. आफ्रिकेतल्या गुरांत ती अजिबात नव्हती. इथिओपियात दहापैकी नऊ गुरे गेली असे सांगतात. १८९६ मध्ये रोग झांबेझी ओलांडून गेला आणि लवकरच केप वसाहतीत पोहोचला. किंबर्लीत त्यावर उपाय शोधायला खास बोलावलेल्या रॉबर्ट कोखला ते काम अर्ध्यावर टाकून मुंबईच्या प्लेगसाठी निघावे लागले, आणि त्याच मुक्कामात तो मुक्तेश्वरलाही जाऊन आला. गुरांबरोबर रानम्हशी, एलंड, वाइल्डबीस्ट, जिराफ असे खूर दुभंगलेले बहुतेक प्राणी मेले. त्या आधी गुरांच्या फुफ्फुसाचा सांसर्गिक रोग येऊन गेलेला, मागोमाग माणसांत देवी आल्या. दुष्काळ हा शेवटचा घाव होता.

आता १९१३ कडे येऊ. स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट नावाचा अमेरिकन शिकारी-लेखक नैरोबीकडून दक्षिणेला उतरला आणि उत्तर सेरेंगेटीत शिरला. त्याला जनावरांनी भरलेले, माणसाचे नाव नसलेले नंदनवन दिसले. १९१५ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाने पाश्चात्त्य वाचकाच्या मनात या रानाची जी प्रतिमा बसवली ती अजून हललेली नाही. बाउमान आणि व्हाइट यांच्यामध्ये अवघी एकवीस वर्षे आहेत. एकाला प्रेते दिसली, दुसऱ्याला निर्जनता. आणि ती निर्जनता निसर्गाचीच आहे अशी दुसऱ्याने समजूत करून घेतली. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. चरणारी गुरे आणि गवत पेटवणारी माणसे नाहीशी झाल्यावर गवताळ भागात झुडपे माजली, रानजनावरे गुरांपेक्षा लवकर सावरली, आणि झुडपांच्या सावलीत त्सेत्से माशी पसरली. ही माशी गुरांना नगाना आणि माणसाला निद्रारोग देते. त्यामुळे बुळकांडीतून वाचलेल्या गुराख्याला परतायची वाटच काही भागांत बंद झाली.

इथे एक जुने भांडण आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जॉन फोर्ड या कीटकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडले की वसाहतपूर्व आफ्रिकी समाजांनी त्सेत्सेशी जगण्यापुरती तडजोड साधली होती, आणि ती १८९० नंतरच्या उलथापालथीने मोडली. दार-एस-सलामला शिकवणाऱ्या हेल्गे क्येक्शुस या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९७७ मध्ये हाच विचार टांझानियाच्या इतिहासाला लावला आणि जरा ताणलाच. टीकाकारांनी त्याला धारेवर धरले: जुना आफ्रिकी शेतकरी निसर्गाचा स्वामी होता हे चित्र गोडगोड आहे, युद्धे, गुलामांचा व्यापार, दुष्काळ हे सारे वसाहतीपूर्वीही होतेच. टीका बरोबर आहे. पण क्येक्शुसचे सुवर्णयुग वजा केले तरी मुख्य मुद्दा शिल्लक राहतो, आणि त्याला अलीकडे मातीतूनच आधार मिळाला आहे. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दक्षिण-पश्चिम केनियातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या वाड्यांच्या जागा तपासल्या आहेत. रात्री गुरे कोंडल्यामुळे साचलेल्या शेणाने तिथली जमीन आजही भोवतालच्या जमिनीपेक्षा सकस आहे. तिथे वर्तुळाकार हिरवे गवताळ टापू दिसतात आणि वाइल्डबीस्ट चरायला तिथेच जमतात. दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानाचे श्रेय अर्थातच ज्वालामुखीच्या राखेला आहे, गुराख्याला नाही. सगळे रान माणसाने घडवले असा दावा कोणी करू नये. माणूस आणि त्याची गुरे या रानाच्या घडणीत हजारो वर्षे सहभागी होती, एवढेच म्हणायचे आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

उद्यानाचा प्रशासकीय इतिहास झटपट उरकता येतो: १९२० च्या दशकात शिकारबंदीचे राखीव क्षेत्र, १९५१ पर्यंत राष्ट्रीय उद्यान, मसाईंच्या हक्कांबद्दल वाद, १९५७ ची चौकशी समिती. १९५८ मध्ये बारा मसाई वडीलधाऱ्यांनी एका करारावर अंगठे उठवून सेरेंगेटीच्या पश्चिम भागावरचा हक्क सोडला. तो कागद त्यांच्या भाषेत नव्हता, आणि इतर मसाईंच्या वतीने तो लिहून देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बदल्यात १९५९ मध्ये न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र वेगळे काढले गेले. गव्हर्नर टर्नबुल यांनी त्या वर्षी मसाई फेडरल कौन्सिलसमोर जाहीर शब्द दिला: जनावरे आणि तिथले रहिवासी यांच्या हितात संघर्ष आला, तर रहिवाशांचे हित वरचढ मानले जाईल. त्याच वर्षी जानेवारीत फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक यांचा मुलगा मिखाएल झेब्र्याच्या पट्ट्यांनी रंगवलेल्या विमानाच्या अपघातात मेला. सेरेंगेटी मरू नये अशी हाक देणाऱ्या बापलेकांच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि ‘माणूस बाहेर, जनावर आत’ ही कल्पना जगभर धर्मासारखी पसरली. त्यातल्या दुःखाबद्दल आदर ठेवूनही म्हटले पाहिजे की त्या चित्रपटाने प्रश्न चुकीचा मांडला. सेरेंगेटी मरत नव्हती. ती आजारी होती, आणि तिचे औषध त्याच वेळी शंभर-दोनशे कोसांवर तयार होत होते.

ते औषध म्हणजे वॉल्टर प्लोराइटची लस. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्‌सने १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला होता, आणि केनियातल्या कबेटेतही शेळीवाटेच बेतलेली लस वापरात आली. पण ती काही गुरांना झेपत नसे. नैरोबीजवळ मुगुगा येथे प्लोराइटने विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून इतका निरुपद्रवी केला की लस स्वस्त झाली, गाभण गाईलाही चालू लागली आणि बहुधा जन्मभराचे संरक्षण देऊ लागली. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना पन्नास-साठच्या दशकांत नेटाने टोचण्या झाल्या. रानातल्या एकाही जनावराला कोणी सुई लावली नाही. आणि तरीही १९६३ नंतर जन्मलेल्या वाइल्डबीस्टच्या रक्तात बुळकांडीच्या प्रतिपिंडांचा मागमूस मिळेना. तोवर अनेक तज्ज्ञ रानजनावरांनाच रोगाचे कोठार मानत आणि त्यांना गुरांपासून दूर ठेवा म्हणत. पुरावा उलटा निघाला: कोठार गुरांत होते, आणि रानातला रोग गुरांकडून पुन्हा पुन्हा येत होता. आईच्या दुधाचे संरक्षण संपले की वर्षभराची पिले मरायची. ते मरण थांबले. १९६१ च्या हवाई मोजणीत अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या पुढे गेले. त्यांनी गवत इतके खाल्ले की वणव्याला सरण उरले नाही, वणवे कमी झाले, झाडे वाढली. साठ वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत उघडे दिसणारे उतार आज झाडांनी भरलेले आहेत. सेरेंगेटी आता हवेतला कार्बन सोडण्याऐवजी शोषू लागली आहे, असे २००९ च्या एका अभ्यासाचे म्हणणे आहे. पर्यटक ज्या महास्थलांतरासाठी पैसे मोजतो, त्याचा आजचा आकार म्हणजे गुरांच्या लसीकरणाची मिळकत आहे.

याचे बिल मात्र गुराख्याच्या नावावर फाटले. वाइल्डबीस्टच्या नवजात पिलांकडून गुरांना एक जीवघेणा ज्वर लागतो, ज्यावर उपाय नाही. म्हणून फेब्रुवारीच्या आसपास, वीण होते तेव्हा, मसाई सर्वांत सकस आखूड गवत सोडून गुरे उंचावर, हलक्या चराईवर नेतात. कळप पाचपट झाले तशी ही माघारही वाढली. गुरे निरोगी राखून मसाईंनी आणि पशुवैद्यांनी रानाला जे दिले, त्याने त्यांचीच कुरणे आक्रसली.

उद्यानाच्या बाजूने दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला रोगांचा. १९९४ मध्ये पाळीव कुत्र्यांकडून आलेल्या डिस्टेंपरने सेरेंगेटीतले सुमारे एक-तृतीयांश सिंह मारले. माणूस शेजारी म्हणजे रोग शेजारी. खरे आहे. पण त्यावर निघालेला उपाय गावातल्या कुत्र्यांना लस टोचण्याचा होता, गाव उठवण्याचा नव्हे, आणि बुळकांडीचा धडाही नेमका हाच आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. न्गोरोंगोरोत १९५९ मध्ये आठ-दहा हजार माणसे होती, आता लाखाच्या घरात आहेत. चराई, पाणी, शेती यांचा ताण खोटा नाही, आणि मसाईंचे कैवारी तो हसण्यावारी नेतात तेव्हा आपलीच बाजू लंगडी करतात. पण ही अडचण आजची आहे. तिचे उत्तर किती गुरे, किती पाणी, किती लोकांना शिक्षण आणि दुसरा रोजगार, अशा आकड्यांत शोधावे लागेल. शिवाय त्या क्षेत्रावरचा आरंभीचा बोजा सेरेंगेटीतून हलवलेल्या माणसांचा होता, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

तसा हिशेब मांडलाच जात नाही. १९७४ मध्ये कुंडाच्या तळातल्या वस्त्या उठवल्या, पुढच्या वर्षी शेतीवर बंदी आली. १९९२ पासून सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडोत एका आखाती कंपनीला शिकारीचे हक्क आहेत. जून २०२२ मध्ये तिथले १,५०० चौरस किलोमीटर राखीव करण्यासाठी सीमेचे खांब रोवले गेले तेव्हा पोलीस आणि मसाई यांच्यात झालेल्या संघर्षात एका पोलिसाचा जीव गेला आणि कित्येक मसाई जखमी झाले. न्गोरोंगोरोतल्या कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटरवरच्या म्सोमेरात हलवण्याची योजनाही त्याच सुमारास सुरू झाली. सरकार तिला स्वेच्छेची म्हणते. शाळा-दवाखान्यांचा निधी आटवून मग स्वेच्छा विचारली जाते, असे तिथल्या लोकांचे म्हणणे आहे, आणि ते सहज फेटाळता येण्यासारखे नाही.

बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीनंतर माणसाने हद्दपार केलेला हा दुसराच रोग. त्या मोहिमेत आपल्या गोठ्यातली गुरे टोचण्यासाठी पुढे आणणाऱ्या मसाई गुराख्याचा वाटा मोठा आहे, आणि सेरेंगेटीच्या आजच्या वैभवातही. येत्या वर्षी तिकडे जाणाऱ्या वाचकांनी गाडीतल्या वाटाड्याला एवढेच विचारावे, की १९५८ पूर्वी या मैदानावर कोणाची गुरे चरत होती.