पाचवीचा कॅटलॉग आणि दहावीचा निरोप

दहावीच्या निरोप समारंभाच्या फलकावर 'निरोप' हा शब्द सहसा नसतो. 'शुभेच्छा समारंभ' किंवा 'सदिच्छा समारंभ' असे लिहिलेले असते. परीक्षेला निघालेल्या मुलांना निरोप कसा द्यायचा, ही त्यामागची भावना. मुले मात्र आपसात 'सेंड-ऑफ' म्हणतात. शाळेच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत हाच शब्द चालतो.

हा समारंभ कधी घ्यायचा, हे शाळेच्या हातात फारसे नसते. दहावीची परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते आणि नऊ विभागीय मंडळांमार्फत तिचा कारभार चालतो. पूर्वी लेखी परीक्षा मार्चमध्ये सुरू होत असे. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तोंडी आणि प्रात्यक्षिके, शिवाय जादा तास. या गर्दीत एखादी मोकळी दुपार सापडते. तिच्यात पाच-सहा वर्षांचा हिशेब उरकावा लागतो.

दहावीवर शाळा संपण्याची ही रीत तशी जुनी नाही. पूर्वी शाळा अकरावीला संपायची, ती 'मॅट्रिक'. नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ साली परीक्षेला बसली. आज पुष्कळ शाळांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असते. फेब्रुवारीत डोळे पुसत निरोप घेतलेली काही मुले जूनच्या पुढेमागे त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर जातात. फक्त 'कॉलेजात' जात असल्याचा तोरा तेवढा नवा असतो.

समारंभाचे यजमान नववीचे विद्यार्थी. वर्गणी तेच काढतात, रंगीत खडूंनी फळा तेच सजवतात, दारात गुलाबाचे फूल आणि पेन तेच देतात. खाण्यात वडापाव किंवा समोसा, वेफर्स, पेढा. दहावीच्या मुली साड्या नेसून येतात. साडी बहुधा आईची असते, म्हणून चालण्यावर आणि बसण्यावर दिवसभर बंधन येते. मुले नवा शर्ट घालतात. सरस्वतीपूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक हा क्रम ठरलेला असतो आणि तो सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्याकडे कोणी लक्ष देत नाही. सभागृह जागे होते ते मनोगतांना.

मनोगतासाठी नावे आधी घेतात. दोन मुले, दोन मुली, एखादा खेळाडू. बहुतेकांनी भाषण लिहून आणलेले असते. त्यात शाळा मंदिर असते, शिक्षक दीपस्तंभ असतात आणि काळ भर्रकन गेलेला असतो. हा मजकूर निबंधाच्या वहीतून आलेला असल्यामुळे श्रोते शांत असतात. मग बोलणाऱ्याची नजर कागदावरून उठते आणि पहिल्या रांगेतल्या एखाद्या बाईंवर पडते. कागदावर नसलेले वाक्य तोंडून निघते: 'बाई, सहावीत मी डबा आणला नव्हता तेव्हा…' एवढ्यावर आवाज बसतो. पुढचे वाक्य येत नाही. टाळ्या सुरू होतात, कारण तेवढीच मदत त्या क्षणी करता येते. मागच्या बाकावरची मुले हसण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांचाही आवाज बदललेला असतो. लिहिलेले भाषण दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. डब्याचे अर्धे वाक्य मात्र वीस वर्षांनीही आठवते.

अशा आठवणींत विषयांचे धडे क्वचितच असतात. मधल्या सुट्टीतली झटापट, बाकावर कर्कटकाने कोरलेले नाव, सहलीच्या एसटीत झालेली उलटी, चौथ्या तासाला खिडकीतून येणारा कुठल्याशा घरच्या फोडणीचा वास, घंटा देणारे शिपाईमामा. शिक्षकांना हे ऐकून जरा चकित व्हायला होते. ज्या तासाची त्यांनी रात्री जागून तयारी केली, तो कोणी काढत नाही आणि रागाच्या भरात फेकलेला खडू सगळ्यांच्या लक्षात असतो.

मनोगतांनंतर शेलापागोटे. याला फिशपाँडही म्हणतात. आठवडाभर आधी बुटाच्या खोक्याला वर चीर पाडून ते वर्गात ठेवतात. ज्याला ज्याच्याबद्दल जे सुचेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून आत टाकायचे, खाली स्वतःचे नाव नाही. समारंभाच्या आदल्या दिवशी मराठीचे सर किंवा बाई खोके उघडतात आणि चिठ्ठ्यांच्या दोन गड्ड्या करतात: वाचण्याजोग्या आणि फाडण्याजोग्या. दुसरी गड्डी नेहमी जाड असते. उरलेल्यांत रंगावर, अंगावर, गरिबीवर किंवा कोणाचे नाव कोणाशी जोडण्यावर काही सुटलेले नाही ना, हे पुन्हा पाहावे लागते, कारण माइकवरून एकदा वाचलेले परत घेता येत नाही. चांगले शेलापागोटे कसे असते? उशिरा येणाऱ्या मुलासाठी असे: 'पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरीलाही आला नाही, चौथ्या तासाला उगवला तर वहीच घेऊन आला नाही.' यमक साधलेले, नाव न घेता सगळ्या माना एकाच दिशेला वळलेल्या आणि तो मुलगा सर्वांत मोठ्याने हसतो आहे. तो हसला नाही, तर निवड चुकली असे समजावे.

गटफोटो हे दिवसातले सर्वांत कष्टाचे काम. वर्गातले बाक अंगणात काढून उतरंड रचतात. मधोमध खुर्चीवर मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षक, पुढे जमिनीवर मांडी घालून एक रांग, मागे उभी एक आणि बाकांवर उभी आणखी एक किंवा दोन. समोर तुकडी आणि साल लिहिलेली पाटी. फोटोग्राफर उंचीप्रमाणे उभे करू पाहतो. मुले मैत्रीप्रमाणे उभी राहू पाहतात. या ओढाताणीत वीस मिनिटे जातात, शेवटी उंची हरते. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या पुठ्ठ्यावर खाली 'डावीकडून उजवीकडे' अशी नावे छापलेली असत आणि शेवटी एक ओळ गैरहजर असलेल्यांची. आता गैरहजर मुलाचे तोंड कोपऱ्यात गोल करून चिकटवता येते. त्या गोलात तो इतरांपेक्षा मोठा दिसतो, याला इलाज नाही.

तुकडी शाळेला काहीतरी देऊन जाते. पूर्वी भिंतीवरचे घड्याळ हमखास असे. नंतर पंखे, कपाट, भाषणासाठीचे पोडियम, पाण्याचा फिल्टर. वस्तूवर तैलरंगाने 'दहावीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट' आणि साल. हे साल पंख्याच्या पात्यावर लिहिले, तर पंखा बंद असतानाच वाचता येते, तरी लिहितात. मोठ्या शाळेत फिरताना या वस्तूंवरून तिथल्या तुकड्यांची वंशावळ लागते.

खरा निरोप मात्र शेवटच्या पेपरच्या दिवशी होतो. त्याला पत्रिका नाही, पाहुणे नाहीत. परीक्षा केंद्र बहुधा दुसऱ्याच शाळेत असते. पेपर सुटला की गेटबाहेर स्केचपेन निघतात आणि गणवेशाच्या पांढऱ्या शर्टांवर सह्या सुरू होतात. पाठ आधी भरते, मग बाह्या. खिशावरची जागा राखून ठेवलेली असते, कोणासाठी ते विचारू नये. हा शर्ट पुढे धुवायचा नसतो. घरी आईला हे कळेपर्यंत बहुधा तो धुतलेला असतो.

दोन तुकड्यांना हे लाभले नाही. २०२० साली करोनामुळे शेवटचा, भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला, त्यामुळे त्या वर्षी 'शेवटचा पेपर सुटला' असा दिवसच उगवला नाही. २०२१ च्या तुकडीची तर परीक्षाच रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तोही राज्यात ९९.९५ टक्के. दहावीचे बरेचसे वर्ष मोबाइलच्या पडद्यावर काढलेल्या या मुलांना पुढे 'करोना बॅच' म्हणून चिडवले गेले. त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता.

आता कॅटलॉगकडे वळायला हवे. वर्गाच्या हजेरीपत्रकाला शाळेत कॅटलॉग म्हणतात. समारंभात 'आपण पाचवीपासून एकत्र आहोत' असे वाक्य हमखास येते आणि टाळ्या घेते. पाचवीचा कॅटलॉग उघडला तर ते अर्धेच खरे ठरते. त्यातली काही नावे दहावीच्या यादीत नसतात. कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते. कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन परतलेला नसतो. एखादी मुलगी आठवीनंतर घरी बसते, एखादीचे लग्न लावून दिलेले असते. कोणी नववीत नापास होऊन वर्कशॉपमध्ये लागतो आणि जमलेच तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देतो. निरोप मिळतो तो टिकलेल्यांना. गळालेल्यांनी शाळा कोणत्या दिवशी सोडली, हे त्या दिवशी त्यांना स्वतःलाही ठाऊक नसते.

कार्यालयातल्या जनरल रजिस्टरला ते ठाऊक असते. प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाची त्यात एक ओळ असते: नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून तयार होतो. त्यावर 'प्रगती' आणि 'वर्तणूक' असे रकाने असतात. वर्षभर वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाच्या वर्तणुकीपुढेही लेखनिक 'चांगली' असेच लिहितो. हा सरकारी कागदपत्रांतला सर्वांत उदार शब्द असावा.

वीस-पंचवीस वर्षांनी हीच तुकडी पुन्हा जमते. दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात, बाहेरगावी असलेले घरी आले की 'माजी विद्यार्थी स्नेहमेळावा' भरतो. घंटा होते, प्रार्थना आणि प्रतिज्ञा होते, निवृत्त सर हजेरी घेतात आणि चाळिशीला टेकलेली माणसे बाकात गुडघे अडकवून 'हजर' म्हणतात. तयारी महिनोन्‌महिने व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. मुलगे लवकर सापडतात. मुलींना शोधणे अवघड, कारण कॅटलॉगमध्ये माहेरचे आडनाव असते, लग्नानंतर ते बदलते आणि काही घरांत नावही. मग भाऊ, मावसबहीण, जुने शेजारी असा माग काढत जावे लागते. जे हयात नाहीत, त्यांच्यासाठी दोन मिनिटे सगळे उभे राहतात.

या मेळाव्यांची यादी मात्र जवळजवळ नेहमी दहावीच्या फोटोवरून केली जाते. ज्यांच्या तुकडीला यंदा पंचवीस वर्षे होत आहेत, त्यांनी एकदा शाळेच्या कार्यालयात जावे, मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाचवीचा किंवा आठवीचा कॅटलॉग मागावा आणि नावे त्यातून उतरवून घ्यावीत.