टमरेलाची रांग आणि 57 टक्के

जुलै 2020 च्या पहिल्या पंधरवड्यात मुंबई महापालिकेची माणसं तीन वॉर्डांत घरोघर फिरत होती. एफ उत्तर म्हणजे माटुंगा-वडाळा, एम पश्चिम म्हणजे चेंबूर आणि आर उत्तर म्हणजे दहिसर. नाकातल्या स्वॅबवरून कोरोनाचा विषाणू आज अंगात आहे का, एवढंच कळतं. यांना हवं होतं रक्त, कारण तो चोरपावलांनी येऊन गेला असेल तर त्याची खूण प्रतिपिंडांच्या रूपात रक्तात उरते. सोबतीला होती कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि नीती आयोग. टाटा संस्था म्हटली की डोळ्यांसमोर येतं गणित आणि मूलकण. ती वॉर्ड ऑफिसच्या कारभारात उतरेल असं वर्षभर आधी कुणी म्हणालं असतं, तर लोक हसले असते.

ठरले होते 8,870 नमुने, हाती आले 6,936. वस्त्यांत लोकांनी दंड पुढे केला. सोसायट्यांमधून नकार जास्त आले. महिनाअखेर आकडे जाहीर झाले: झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, बाहेर 16 टक्के. तोवर अख्ख्या शहरात नोंदलेले रुग्ण जेमतेम लाखभर होते! कारण शोधायला कुलाब्याला जायची गरज नव्हती. सकाळी टमरेल घेऊन संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला 'अंतर ठेवा' म्हणणं ही थट्टाच. महापालिकेच्या निवेदनातही दाटीवाटीचा आणि सामायिक संडासांचा उल्लेख आला, पण चर्चा रंगली ती 'हर्ड इम्युनिटी'ची, म्हणजे सामूहिक प्रतिकारशक्तीची.

त्याच सुमारास पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनी महापालिकेला बरोबर घेऊन पाच प्रभागांत 1,664 नमुने घेतले. एकूण 51.5 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. मला यातला घरांचा तक्ता अजून आठवतो. झोपड्या-चाळींत 56 ते 62 टक्के, बंगल्यांत 44 च्या आसपास, फ्लॅटमध्ये 33. संडास सामायिक असेल तर 62, स्वतःचा असेल तर 45. रोगाचा असा घरवार हिशेब एरवी महापालिकेच्या दफ्तरात नसतो. तो मांडायला प्रश्न विचारणारं कुणीतरी बाहेरचं लागलं.

बाहेरचे चुकतातही. सप्टेंबरात टाटा संस्थेच्या गणितानुसार डिसेंबर-जानेवारीपर्यंत मुंबईत सामूहिक प्रतिकारशक्ती येणं शक्य होतं. फेब्रुवारीत दुसरी लाट चढू लागली. त्यावरून शास्त्रज्ञांची टर उडवणं सोपं आहे, पण गणितात विषाणूचं नवं रूप कुठून धरणार? मला खटकतं ते एवढंच, की अंदाज सांगताना त्यातला 'जर' बातमीच्या मथळ्यापर्यंत पोचला नाही.

पुढे महापालिका स्वतःच्या पायावर उभी राहिली. मार्च 2021 च्या फेरीत तिने दारं ठोठावलीच नाहीत. दवाखान्यांत आणि खासगी लॅबमध्ये इतर तपासण्यांसाठी आलेलं रक्त उरतं, तेच चोवीसही वॉर्डांतून गोळा केलं: 10,197 नमुने. पालिका दवाखान्यांच्या नमुन्यांपैकी 41.61 टक्क्यांत प्रतिपिंडं सापडली, झोपडपट्टीबाहेरचे लोक जास्त जातात त्या खासगी लॅबच्या नमुन्यांपैकी 28 टक्क्यांच्या वर. ऑगस्ट 2020 च्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टीबाहेरचा आकडा 18 होता. म्हणजे रोग आता लिफ्टने वर चढत होता. नंतर मुलांची पाहणी झाली ती पालिकेच्याच नायर रुग्णालयाकडून, तपासणी कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत.

ऑगस्ट-सप्टेंबर 2021 च्या पाचव्या फेरीपर्यंत लस आली होती. तेव्हा झोपडपट्टीत 87.02 टक्के आणि बाहेर 86.22. चौदा महिन्यांपूर्वीची 41 टक्क्यांची दरी रक्तात तरी बुजली होती. संडासाची रांग तिथेच होती.