वामनदादा कर्डक : उसन्या चालीचे कवित्व

गाण्यास काव्य म्हणावे की नाही, हा वाद २०१६ साली बॉब डिलन या अमेरिकन गीतकार-गायकास नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा पुन्हा उपस्थित झाला. मराठी वाचकास त्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. लोकशाहीर वामनदादा कर्डक यांची रचना हाच प्रश्न अधिक तीव्रतेने आपल्यापुढे ठेवते.

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या वामनदादांना शाळा लाभली नाही. मुंबईत मजुरी करीत असता ते मोठेपणी अक्षरे शिकले, आणि १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले. पुढे डॉ. आंबेडकरांचा विचार हाच त्यांच्या गीतांचा प्राण झाला. २००४ साली निधन होईपर्यंत, गावोगावच्या वस्त्यांत रात्र रात्र गाऊन त्यांनी तो अक्षरशत्रू श्रोत्यांपर्यंत पोचविला.

त्यांच्या गीतांवर एक आक्षेप सहज घेतला जाईल : चाल उसनी, म्हणून रचनाही दुय्यम. हा आक्षेप मान्य केल्यास डिलन यांचे ‘ब्लोइन इन द विंड’ हे गीतही बाद ठरेल. कारण त्याची चाल गुलामगिरीच्या काळातील एका निग्रो भक्तिगीतावरून घेतलेली आहे. वस्तुतः परिचित चाल ही येथे उणीव नसून साधन होय. श्रोत्याच्या कानात सूर आधीच मुरलेला असतो. त्यामुळे त्याचे सारे अवधान नव्या शब्दाकडे लागते. ज्यास पुस्तक वाचता येत नाही, त्यास गीत एकदा ऐकताच पाठ होते. छापखान्याचे कार्य येथे चाल करते.

याचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास मझौलीत आला. जबलपूरनजीकच्या या बुंदेली मुलखात वामनदादांच्या एका गीताचा मुक्तछंदातील हिंदी अनुवाद आम्ही वाचून दाखविला. मंडळींनी तो आदराने ऐकला, इतकेच. तेच गीत आल्ह्याच्या चालीत बसविले, तेव्हा ढोलकीवाल्याचा हात आपोआप पडला आणि ध्रुपद श्रोत्यांनीच उचलले. आमच्या पहिल्या अनुवादात अर्थ होता, परंतु गीत नव्हते.

अर्थात उसन्या चालीत धोकाही आहे. मूळ गीताची छाया नव्या शब्दांवर पडते. आणि प्रसंगोपात्त रचलेली काही गीते त्या प्रसंगाबरोबरच विरून जातात. वामनदादांची सर्वच गीते एका तोलाची आहेत, असा आमचा दावा नाही. परंतु त्यांतील उत्तम-मध्यम निवडण्याचे काम केवळ छापील पानावरून होणार नाही. पोवाडा व लावणी यांस वाङ्मयेतिहासात स्थान देणाऱ्या मराठी टीकेने हे काम टाळले, तर उणेपणा टीकेकडे येईल, वामनदादांकडे नव्हे.