“हे लोक पुस्तकं घेत नाहीत” असं कोण म्हणतं?

आज धंद्याचा एक धडा पुस्तकांच्या मार्केटमधून घेऊ.

दसऱ्याच्या सुमारास गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. ही गर्दी दीक्षाभूमीची. परत येणाऱ्यांच्या पिशव्या बघा, त्यात पुस्तकं असतात. मजूर, शेतकरी, विद्यार्थी सगळे घेतात, म्हणून तर दरवर्षी तिथे स्टॉलच्या रांगा लागतात. “गरीब माणूस पुस्तकावर पैसे घालत नाही” असं मानणाऱ्याने हा कस्टमर बसल्या जागी गमावला.

आता दुसरी बाजू. 1978 मध्ये ‘ग्रंथाली’ने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं. ते गाजलं. 1980 मध्ये लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ आलं, त्याला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांचं जगणं पुस्तकात येतच नव्हतं, त्यांची पुस्तकं लोक विकत घेऊन वाचायला लागले. मोठी गोष्ट होती ती.

पण जे खपलं त्याचाच साचा झाला. दलित लेखक म्हणजे आत्मकथन, आणि आत्मकथन म्हणजे फक्त दुःख! दया पवार आधी कवी होते. त्यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह 1974 चा. आज किती जणांना आठवतो? अमेरिकेतही हेच, फक्त जातीच्या जागी रंग. ‘अमेरिकन फिक्शन’ या 2023 च्या सिनेमात कृष्णवर्णीय लेखकाची गंभीर पुस्तकं खपत नाहीत. मग तो चिडून सगळे ठरावीक साचे कोंबून एक पुस्तक लिहितो, आणि तेच तुफान चालतं.

म्हणजे शिक्के दोन. कस्टमरवर मारला की विक्री जाते. मालावर मारला की आज गल्ला भरतो, पण बनवणारा त्यातच अडकतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. खेड्यातून आलेल्या एका ताईंना न विचारताच सगळ्यात स्वस्त वही काढून दिली. त्या म्हणाल्या, “भाऊ, पोरगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, चांगली दाखवा ना.” मी ओशाळलो. चांगली दाखवेपर्यंत त्या शेजारच्या दुकानात गेल्या होत्या. परत कधी आल्या नाहीत.

तर आजचा होमवर्क: रात्री गल्ला मोजून झाला की वहीत लिहा, आज कुणाला न विचारताच मी काय ठरवलं? उद्या त्याला आधी विचारा, मग माल दाखवा.